अंग, काठ आणि बुट्टी : तीन रंगांतून व्यवसायाची ओळख, कपडे आणि खोली कशी जुळवावी

हातमागाची इरकल साडी ज्यांनी पूर्ण उलगडून पाहिली आहे, त्यांना तीन रंगांच्या मांडणीचा निम्मा धडा आधीच मिळालेला असतो. अंग गडद निळे, काठ आणि पदर तांबडा, पदरावर पांढऱ्या धाग्याची नक्षी. रंग तीन आहेत, परंतु तिघांचा वाटा सारखा नाही आणि तिघांचे कामही एक नाही. अंग नजरेला टेकायला जागा देते, काठ त्या विस्ताराला मर्यादा घालतो, आणि नक्षी किंवा बुट्टी नजर क्षणभर अडवते. गृहसजावटकार ज्याला ६०-३०-१० चा नियम म्हणतात (मुख्य रंगाला साठ टक्के जागा, दुसऱ्याला तीस आणि तिसऱ्याला दहा), तो याच श्रमविभागणीचा आकड्यांत मांडलेला अवतार आहे. ४६ इंच पन्ह्याच्या साडीला दोन्ही कडांना प्रत्येकी सात इंचांचा काठ असेल, तर १४ इंच, म्हणजे जवळजवळ ३० टक्के, भाग काठाकडे जातो. मात्र नेसल्यावर वरचा काठ कमरेशी खोचला जातो आणि पदर खांद्यावरून समोर येतो. त्यामुळे मोजायचे असते ते घडीवरचे क्षेत्रफळ नव्हे, तर प्रत्यक्ष दिसणारे क्षेत्रफळ.

पुढील विवेचनात एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. समजा, आगळ, कोकम सरबत आणि आमसुले विकणारा एक घरगुती व्यवसाय आहे. त्याच्या वेष्टनासाठी, तो चालवणाऱ्या बाईंच्या प्रदर्शनातील पोशाखासाठी आणि त्यांच्या घरातील बैठकीच्या खोलीसाठी आपल्याला एकच त्रयी वापरायची आहे.

पहिली पायरी : जे बदलता येत नाही, तिथून सुरुवात

बहुतेक लोक आवडत्या रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. खोलीत फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट आणि भाड्याचे घर असेल तर भिंतीसुद्धा आपल्या हातात नसतात. कपाटात चपला, पट्टा, पर्स आणि आधीच घेतलेले महागाचे कपडे असतात. व्यवसायात खुद्द माल असतो: पारदर्शक बाटलीतील कोकम सरबत हाच एक ठसठशीत रंग आहे आणि लेबल त्याच्याशी भांडू लागले तर बाटली विस्कटलेली दिसते. म्हणून अशा अचल गोष्टींची यादी आधी करावी आणि त्यांतील सर्वांत जास्त जागा व्यापणारा रंग त्रयीतील एक म्हणून निमूटपणे स्वीकारावा. आपल्या उदाहरणात तो आमसुली आहे. घरातील फरशी बदामी असल्याने दुसरा, सायीसारखा फिकट रंगही जवळपास ठरूनच आलेला आहे. म्हणजे निवडीचे खरे स्वातंत्र्य उरते ते तिसऱ्या रंगापुरते. हे ऐकून हिरमोड होतो, पण निर्णय झपाट्याने होतो.

दुसरी पायरी : आधी उजळपणा, मग रंग

प्रत्येक रंगाचे तीन गुण असतात: छटा, उजळपणा आणि तीव्रता. आपल्या भाषेतील रंगनामे हे गुण एकत्रच सांगतात. अबोली आणि शेंदरी एकाच घराण्यातील आहेत, परंतु एक मवाळ आणि दुसरा तडफदार. पोपटी आणि शेवाळी दोन्ही हिरवेच, पण एक उजळ आणि दुसरा दबलेला. ‘हिरवा हवा’ असे सांगण्याऐवजी ‘शेवाळी हवा’ असे सांगितले, तर रंगारी, शिंपी आणि डिझाइनर या तिघांशीही निम्मा वाद टळतो.

त्रयी निवडताना छटांपेक्षा उजळपणातील अंतराकडे आधी पाहावे. एक रंग फिकट, एक गडद आणि एक मधला, अशी उतरंड असली की मांडणी बहुधा उभी राहते. तिन्ही मधल्या उजळपणाचे असतील, तर छटा कितीही सुंदर असल्या तरी सगळे एकमेकांत मिसळून जाते. याची परीक्षा फुकट आहे. तिन्ही नमुने शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. तीन वेगळे करडे दिसले तर पुढे जावे, दोन सारखे दिसले तर त्यांतील एक बदलावा. लाल आणि हिरवा ही जोडी रंगीत फोटोत उठून दिसते आणि कृष्णधवल फोटोत अनेकदा एक होते. ज्यांना लाल-हिरव्यातील भेद नीट दिसत नाही, आणि अशांमध्ये पुरुषांचे प्रमाण अधिक असते, त्यांना ही जोडी गोंधळात टाकते.

त्यानंतर रंगचक्राकडे, म्हणजे रंग गोलाकार क्रमाने मांडलेल्या तक्त्याकडे, वळावे. चक्रावर शेजारी असलेले तीन रंग शांत वाटतात, समान अंतरावरचे तीन उत्साही वाटतात, आणि एका रंगासमोरच्या रंगाचे दोन शेजारी घेतले तर विरोध असूनही धार थोडी बोथट राहते. येथे एक खाचखळगा आहे. चित्रकाराच्या पारंपरिक चक्रावर लालच्या समोर हिरवा असतो, तर मोबाइल-संगणकाच्या पडद्यावरील प्रकाशाच्या चक्रावर लालच्या समोर निळसर-हिरवट सायन येतो. म्हणून निरनिराळ्या ॲपमध्ये ‘विरोधी’ रंग वेगळे मिळाले, तर त्यात कोणाची चूक नसते. चक्रेच वेगळी असतात.

आपल्या उदाहरणासाठी मी तिसरा रंग हळदी घेतला. तो आमसुलीला पुरेसा विरोध करतो, सायीच्या रंगाशी नाते ठेवतो आणि स्वयंपाकघरातल्या मालाला परका वाटत नाही. मोबाइल-संगणकाच्या पडद्यासाठी लाल, हिरवा व निळा या क्रमाने, प्रत्येकी ० ते २५५ च्या मापावर, आकडे असे: आमसुली ९२, २६, ४८, साय २४६, २३९, २२५, हळदी २१७, १५४, २८. हे आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढे ‘तोच तो मरून’ असे तोंडी सांगून काम करून घेतले, तर दर वेळी नवा मरून हाती येतो.

तिसरी पायरी : वाटा ठरवणे

६०-३०-१० ही सुरुवात आहे, कायदा नव्हे. तीव्र आणि उजळ रंगाला कमी जागा पुरते, दबलेल्या रंगाला जास्त लागते. जर्मनीतील बाउहाउस शाळेत शिकवणारे योहानेस इटेन यांनी जर्मन कवी गटेच्या उजळपणाच्या आकड्यांवरून क्षेत्रफळांचे प्रमाण मांडले होते: पिवळा ९, नारिंगी ८, लाल व हिरवा ६, निळा ४, जांभळा ३. जागा याच्या उलट प्रमाणात द्यायची, म्हणजे एक भाग पिवळ्याला तीन भाग जांभळा पुरेसा होतो. आपला आमसुली जांभळ्याकडे झुकणारा आहे, त्यामुळे हळदी व आमसुली यांचे १ : ३ हे प्रमाण १० : ३० शी आपसूक जुळते.

तीन ठळक रंगांचे सर्वांत गाजलेले घर पाहिले तरी हेच दिसते. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे वास्तुकार गेरिट रीटव्हेल्ड यांनी १९२४ मध्ये बांधलेले श्रोडर हाउस लाल, पिवळ्या आणि निळ्यासाठी ओळखले जाते. प्रत्यक्षात बाहेरच्या बहुतेक पृष्ठभागावर पांढरा आणि करडा आहे, मूळ रंग मुख्यतः खांबांत आणि पट्ट्यांत आहेत. हे घर ज्या ‘डी स्टाइल’ कलाचळवळीतले, त्याच चळवळीतील चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून फ्रेंच वेशभूषाकार इव्ह सँ लोराँ यांनी १९६५ मध्ये केलेले पोशाखही असेच आहेत: पांढऱ्याचा मोठा विस्तार, काळ्या रेघा आणि रंगाचे मोजके चौकोन. चित्र, घर आणि झगा यांना जोडणारा दुवा रंगांचा नसून प्रमाणाचा आहे.

व्यवसायाची ओळख

येथे पहिले काम स्पर्धकांकडे पाहण्याचे आहे. महामार्गावरील पेट्रोल पंपांचे उदाहरण बोलके आहे. इंडियन ऑइल नारिंगी आणि निळा वापरते, हिंदुस्तान पेट्रोलियम लाल आणि निळा, भारत पेट्रोलियम पिवळा आणि निळा. निळा तिघांकडेही आहे. दुरून ओळख पटते ती त्याच्या जोडीदारामुळे. आपल्या क्षेत्रात एखादा रंग सर्वांनीच घेतलेला असेल, तर तो टाळण्याचा आटापिटा करण्याऐवजी वेगळेपण उरलेल्या दोन रंगांकडे सोपवावे. कोकमाच्या बाटल्यांवर मरून, गुलाबी आणि हिरवी पाने यांची गर्दी असणे स्वाभाविक आहे, म्हणून आपल्या त्रयीत हिरवा नाही आणि हळदी आहे.

दुसरे काम वाचनीयतेचे. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठीचे डब्ल्यूसीएजी निकष लहान मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ इतका उजळपणातील विरोध मागतात. सायीच्या पार्श्वभूमीवर आमसुली अक्षरे साधारण ११ : १ देतात, म्हणजे घटकपदार्थांची बारीक यादीही वाचता येईल. आमसुलीवर हळदी अक्षरे साधारण ५ : १ देतात, तेही चालेल. सायीवर हळदी अक्षरे मात्र जेमतेम २ : १ वर येतात. याचा अर्थ असा की हळदीचा उपयोग फिकट पृष्ठभागावर फक्त ठिपका, रेघ किंवा आकृती म्हणून करावा आणि त्यात एकही अक्षर लिहू नये. असा ‘कोणाच्या अंगावर कोण चालेल’ हा तक्ता त्रयी पक्की होताच करावा. तीन रंगांच्या सहाच जोड्या होतात आणि पाच मिनिटांत काम संपते.

तिसरे काम छपाईचे आहे आणि पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत तीन रंगांनी फरक पडत नाही, परंतु कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. न रंगवलेल्या सुती पिशवीचा मूळ रंग हीच आपली साय मानली, तर दोनच जाळ्यांत तिन्ही रंग मिळतात. खाकी कागदाच्या वेष्टनावर हे गणित बदलते: फिकट शाई त्यावर जवळपास नाहीशी होते आणि हळदी मळकट होतो, कारण पातळ शाईतून खालचा कागद डोकावतो. अशा वेष्टनावर केवळ आमसुली छापून हळदीचे गोल स्टिकर वरून लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पडद्यावर झळकणारा रंग शाईत तसाच उतरत नाही, म्हणून छापखान्यातून खऱ्या कागदावरचा नमुना मागवल्याशिवाय पूर्ण संख्येची छपाई सुरू करू देऊ नये. बोधचिन्हाचे एकरंगी रूपही तयार असावे, कारण रबरी शिक्का आणि काळा लेझर प्रिंटर यांना आमच्या त्रयीचे काहीच कौतुक नसते.

कायद्याच्या दोन गोष्टी येथेच सांगाव्यात. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातील चिन्हाच्या व्याख्येत रंगांच्या संयोगाचा उल्लेख आहे; तसेच रंगांची मर्यादा न घालता नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवलेले मानले जाते. म्हणून बोधचिन्ह रंगीत नोंदवावे की कृष्णधवल, हे अर्ज भरण्यापूर्वी जाणकाराशी बोलून ठरवावे. दुसरी गोष्ट, केशरी-पांढरा-हिरवा ही त्रयी कितीही मोहक वाटली तरी राष्ट्रध्वजासारखी दिसणारी मांडणी व्यापारासाठी वापरू नये. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय असा वापर करण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराविषयीच्या कायद्याने मनाई आहे.

कपडे

कपड्यांत तीन रंग मोजताना माणसे दोन गोष्टी विसरतात. केस, चपला, पर्स, घड्याळाचा पट्टा आणि दागिन्यांचा धातू हे सर्व मोजणीत येते. आमसुली साडीला हळदी ब्लाउज आणि सायीच्या रंगाची शाल घेतली, वर सोन्याची बोरमाळ घातली, तर सोने हळदीच्या खात्यात जाते आणि त्रयी टिकते. त्याच पोशाखावर ऑक्सिडाइज्ड चांदी घातली, तर चौथा रंग आत येतो. तो वाईटच दिसेल असे नाही, पण तो आला आहे याची जाणीव असावी. पुरुषांसाठी हेच गणित सायीच्या रंगाचा कुर्ता-पायजमा, आमसुली जाकीट आणि हळदी किनारीचे उपरणे असे उतरते.

दुसरी गोष्ट, चेहऱ्याजवळ कोणता रंग येतो यावर बरेच अवलंबून असते. याची परीक्षा आरशासमोर, खिडकीच्या उजेडात, तिन्ही कापडे आळीपाळीने हनुवटीखाली धरून करावी. जे धरल्यावर आधी कापड दिसते आणि मग चेहरा, ते खाली न्यावे. एकमेकांशेजारी आल्यावर रंग एकमेकांना बदलतात, हे भिंतीवर लावायची विणलेली चित्रे बनवणाऱ्या पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगकामाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. दोष धाग्यात नसून शेजारच्या रंगात निघाला. आमसुलीशेजारी हळदी अधिक झगझगीत दिसतो तो याच कारणाने. म्हणून नमुन्याच्या चिंध्या सुट्ट्या पाहू नयेत, ज्या कापडाला लावायच्या त्यावर ठेवूनच पाहाव्यात.

मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन पाहणारी गिऱ्हाइके अगदी शास्त्रशुद्ध वागत असतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे ट्यूबलाइटखाली एकसारखी आणि उन्हात वेगळी दिसू शकतात. ज्या कार्यक्रमाला जायचे तो रात्रीचा असेल, तर घरी येऊन पिवळ्या दिव्याखालीही एकदा पाहावे. धूपछाव कापडात ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगळा असतो, त्यामुळे ते एकटेच दोन रंगांचे काम करते. अशा कापडाबरोबर तिसरा एकच रंग घ्यावा. गडद हातमागाचे कापड पहिल्या काही धुण्यांत रंग सोडते. साय त्याच बादलीत गेली, तर त्रयीतील सर्वांत मोठा वाटा गुलाबी होऊन बाहेर येतो. तेव्हा ती धुणी वेगळीच करावीत.

खोली

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेऊ. भिंतींचे ४४० चौरस फूट. दार आणि खिडकी वजा केल्यास साधारण ४००. छत १२० आणि फरशी १२०. एकूण ६४०. म्हणजे ६०-३०-१० चे वाटे सुमारे ३८५, १९० आणि ६५ चौरस फूट होतात. आता गंमत पाहा. सोळा इंची चौरस उशीचा दर्शनी भाग पावणेदोन चौरस फुटांचा असतो. चार हळदी उशा ठेवल्या तरी जेमतेम सात चौरस फूट भरतात, म्हणजे सव्वा टक्काही नाही. ‘उशा बदलल्या पण खोली तशीच’ ही तक्रार येथून येते. कोनाड्याचे आतले अंग, कपाटाचे एक दार किंवा पुस्तकांच्या मांडणीची पाठ हळदी केली, तर हा रंग दिसू लागतो. पूर्ण दहा टक्के भरण्याची गरज नाही. तीव्र हळदीला चार-पाच टक्केही पुरतात.

आमसुलीसाठी बारा फुटांची एक भिंत म्हणजे १२० चौरस फूट, त्यात ३५ चा गालिचा आणि ३५ चा पडदा मिळवला की १९० पूर्ण होतात. हिशेब चोख बसतो, तरीही एकाच खिडकीच्या खोलीत मी ती भिंत रंगवणार नाही. रंग किती प्रकाश परत पाठवतो याचा आकडा शून्य ते शंभरमध्ये दिला जातो. आपल्या सायीचा तो ८७ च्या आसपास, हळदीचा ३८ आणि आमसुलीचा अवघा ३ येतो. अख्खी भिंत जवळजवळ सगळा प्रकाश गिळून टाकील. त्याऐवजी सोफा, गालिचा आणि पडदा यांत आमसुली मुरवावा, वाटा वीस टक्क्यांवर आला तरी हरकत नाही. मोठ्या खिडक्यांच्या खोलीत भिंत जरूर रंगवावी, पण खिडकी असलेली भिंत सोडून. गडद भिंतीतील उजळ चौकोन डोळ्यांवर येतो.

घराच्या बाहेरच्या बाजूसाठी पणजीच्या फोंतेन्हास भागात एक फेरफटका मारावा. भिंती पिवळ्या, निळ्या किंवा विटकरी, दारे-खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या आणि वर कौलांचा तांबडा. तेथे पांढरा रंग काठाचे काम करतो, अंगाचे नव्हे, आणि म्हणूनच ती घरे रेखीव दिसतात.

रंग नक्की करण्यापूर्वी शेडकार्डावरच्या टिकलीएवढ्या नमुन्यावर विश्वास ठेवू नये; भिंतभर गेल्यावर तोच रंग अधिक तीव्र वाटतो. छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत, पूर्ण सुकू द्यावे, आणि तो पुठ्ठा सकाळी, भर दुपारी व दिवे लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींशी टेकवून पाहावा. दिवे हा या त्रयीतील न मोजलेला भागीदार आहे. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात साय आणि हळदी खुलतात. ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या दिव्यात साय फिकी पडते आणि आमसुली काळपट दिसतो. साध्या एलईडीत प्रकाशाचा तांबडा भाग कमी असल्याने गडद तांबड्या छटा मळकट वाटतात, म्हणून सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून अधिक असलेले दिवे घ्यावेत. एका खोलीत दोन प्रकारचे दिवे मिसळू नयेत.

दुकानातील रंग मिसळून छटा तयार करणारे टिंटिंग मशीन कितीही अचूक असले तरी संपूर्ण भिंतीचा रंग एकदाच मागवावा, कारण दुसऱ्या दिवशीच्या डब्यात किंचित फरक पडू शकतो. काम संपल्यावर शेडचा क्रमांक, कंपनी, बेस (ज्यात छटा मिसळली तो मूळ रंग), चकाकीचा प्रकार आणि तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान बरणीत भरून ठेवावा. पावसाळ्यात ओल येऊन एखादा कोपरा खराब झाला की हीच पट्टी शोधली जाते. तरीही तेवढाच तुकडा रंगवू नये: तीन वर्षांत भिंतीचा जुना रंग उतरलेला असतो, त्यामुळे नेमका तोच क्रमांक ठिगळासारखा दिसतो. आधी ओल दुरुस्त करून सुकू द्यावी आणि मग ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी.